बालीला डाइव्हिंगची ट्रिप: कान, बारीकसारीक दुखणी आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स. खरंच उपयोग होतो का?

तळ्यात_मळ्यात

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण इथे डाइव्ह करणारे बरेच जण आहेत म्हणून सगळं नीट सांगून विचारते.

मी पुण्याची, वय ३४. मागच्या फेब्रुवारीत नवरा आणि मी हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) जाऊन ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) केला. कोर्स मस्त झाला, दोघांना कार्ड मिळालं, आणि पुढच्या दोन दिवसांत चार फन डाइव्ह (कोर्सनंतर नुसते मजेसाठी) बुक केलेले होते. तेवढ्यात मला सर्दी झाली. फार नाही, नाक चोंदलेलं आणि घसा खवखवत होता इतकंच. पैसे भरलेले, बोट ठरलेली, सगळे निघालेले, मग मी नाकात थेंब टाकले आणि गेले. खाली जाताना कान व्यवस्थित सुटले (आतबाहेरचा दाब सारखा झाला), मला वाटलं जमलं. पण वर येताना सहा-सात मीटरवर उजव्या कानात कुणी दाभण खुपसावं तशी कळ आली. गाइडने परत थोडं खाली नेलं, थांबवलं, मग इंच इंच करत वर आणलं. मास्क काढला तर आत रक्त. मी तर रडायलाच लागले.

तिथल्या डॉक्टरांनी डाइव्ह बंद सांगितलं. डॉक्टर आणि औषधं मिळून सातशेच्या आसपास खर्च झाला, पण उरलेल्या तीन डाइव्हचे पैसे गेले, सेंटरचा नियमच होता की परत मिळणार नाहीत. पुण्यात आल्यावर ईएनटींनी पडद्यामागे रक्त साठलंय म्हणाले, पुढचे तीन आठवडे त्या कानाने सगळं विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. आता ठीक आहे.

तर आता सप्टेंबरमध्ये बाली. मी, नवरा (वय ४१, बीपीची गोळी दोन वर्षांपासून) आणि नणंद (२७, तिला फक्त एक ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता इन्स्ट्रक्टरबरोबरचा, करायचा आहे). तीन दिवस तुलांबेनला (किनाऱ्यावरचं गाव) डाइव्ह, चौथ्या दिवशी पहाटे बातूर ज्वालामुखीचा सूर्योदय ट्रेक, मग नुसा पेनिडा बेटावर डाइव्ह. तिथला शेवटचा डाइव्ह दुपारी अडीचला संपेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातची फ्लाइट.

विचारायचं हे की असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, सोबत काय काय न्यायचं, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सला खरंच अर्थ आहे का? नवरा म्हणतो सातशे रुपयांसाठी विमा कशाला, आपला मेडिक्लेम आहेच. ट्रॅव्हल एजंट म्हणतो पॅकेजमध्ये इन्शुरन्स आहे, पण त्याने पाठवलेल्या एका पानाच्या कागदावर स्कूबा हा शब्दच नाही. मला खरं सांगायचं तर पैशापेक्षा भीती जास्त आहे, आणि तरी पाण्यात जायचंय.

चिवल्याचो

ताई, मी मालवणचा. इथे तीन सीझन आणि अंदमानात दोन सीझन डाइव्हमास्टर (पाण्याखालचा गाइड) म्हणून काम केलं, त्यामुळे तुमच्यासारखे कान दर आठवड्याला बघितलेत. आधी एक सांगतो, तुमची चूक नाकात थेंब टाकायची नव्हती, चूक झाली ती "पैसे भरलेत" या विचाराची. मी बोटीवर जेवढे दुखावलेले कान बघितले त्यातले निम्मे तरी असेच, माणसाला आतून कळत असतं की आज बरोबर वाटत नाही पण बुकिंग असतं, ग्रुप असतो, सुट्टी संपत आलेली असते. म्हणून बालीला ज्या सेंटरशी बोलताय त्यांना आत्ताच लिहून विचारा की आजारी पडलो तर डाइव्ह पुढे ढकलता येतो का, पैसे परत की क्रेडिट. काही सेंटर डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर परत देतात. हे लेखी हातात असलं ना की पाण्यात उतरताना डोकं शांत राहतं, आणि डोकं शांत तर कान पण लवकर सुटतात, ही माझी पक्की खात्री आहे.

आता कान. दुखेपर्यंत थांबायचंच नाही. बोटीवर असतानाच एकदा नाक धरून हलकं फुंका, पाण्याच्या वर एकदा, डोकं बुडालं की लगेच एकदा, आणि मग दर अर्ध्या मीटरला. पहिल्या दहा मीटरमध्येच सगळा खेळ असतो, कारण पाण्याच्या वर दाब एक वातावरण आणि दहा मीटरला दोन, म्हणजे कानातली हवा तेवढ्यातच निम्मी दाबली जाते. पुढे २० ते ३० मीटर जाताना एवढा फरक पडत नाही. दोरी धरून पाय खाली ठेवून उतरा, डोकं खाली करून उतरलात की कान जास्त त्रास देतात. नाही सुटला तर एक मीटर वर या, गिळा, जबडा हलवा, परत बघा. जोरात फुंकायचं नाही हां, अजिबात नाही. दोनतीनदा करून नाही जमलं तर गाइडला कानाकडे बोट दाखवा आणि डाइव्ह संपवा. कारण सांगायची पण गरज नसते, कुठलाही डायव्हर कधीही डाइव्ह संपवू शकतो हा सगळ्यात जुना नियम आहे. जो गाइड तोंड वाकडं करेल त्याच्याबरोबर परत जाऊ नका.

बाकी किरकोळ गोष्टी. नाकातून मास्कमध्ये अधूनमधून हवा सोडायची, नाहीतर मास्क डोळ्यांना शोषून घेतो आणि डोळ्याचा पांढरा भाग लालभडक होतो. बघणारा घाबरतो पण दुखत नाही, एक-दोन आठवड्यांत जातो. नजर अंधुक झाली किंवा दुखलं तर मात्र डॉक्टर. पायात बूट घाला, आमच्याकडे कालवं कापतात तिकडे प्रवाळ कापेल. प्रवाळाची जखम दिसायला खरचटल्यासारखी असते पण चिघळते फार, त्यात बारीक कण राहतात, म्हणून गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवायची, दुखलं तरी घासायची. सी अर्चिनचा (तळाशी बसणारा काटेरी गोळ्यासारखा प्राणी) काटा गेला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ डिग्री, अर्धा ते दीड तास ठेवायचा, वर दिसणारे काटे चिमट्याने काढायचे, खोल गेलेले उकरायचे नाहीत. लायनफिशने (विषारी काट्यांचा मासा) मारलं तरी पहिला उपाय हाच गरम पाण्याचा, फक्त तिथून पुढे डॉक्टरकडे जायचंच. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून बघायचं, कारण ज्याला दुखतंय त्याला चटका कळत नाही.

नणंदबाईंना सांगा श्वास कधीच रोखून धरायचा नाही. आणि सेंटरचा मेडिकल फॉर्म खरा भरायचा.

कानोसा

मी ईएनटी आहे, कोल्हापूर. चिवल्याचो यांनी प्रॅक्टिकल भाग माझ्यापेक्षा चांगला सांगितलाय, मी फक्त आतलं सांगतो म्हणजे तुम्हाला "का" कळेल.

घशाच्या मागून मधल्या कानात एक बारीक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. एरवी ती मिटलेली असते, गिळलं की क्षणभर उघडते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो, एक-दीड मीटरलाच दुखायला लागतं. तसंच रेटून खाली गेलात तर त्या दाबानेच नळीचं तोंड घट्ट मिटतं आणि मग कितीही फुंकलं तरी उघडत नाही, म्हणून वर येऊन पुन्हा प्रयत्न करायला सांगतात. तुमच्या बाबतीत उलटं झालं. थेंबांनी सूज तात्पुरती उतरली, खाली जाता आलं, आणि पाण्याखाली असताना औषधाचा जोर ओसरला. आता आत अडकलेली हवा वर येताना फुगतेय आणि तिला बाहेर जायला वाट नाही. खाली जाताना अडलात तर वर येता येतं. वर येताना अडलात तर टाकीतली हवा संपत असते, पर्याय फार कमी. सर्दी असताना औषध घेऊन डाइव्ह करू नका असं आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठी.

जाण्याआधी तीन-चार आठवडे एकदा कान दाखवून घ्या, पडदा बघायला आणि तो हलतोय का ते मोजायला दहा मिनिटं लागतात. मागच्या वेळी रक्त साठलं होतं म्हणून हे कराच.

दुसरं दुखणं तुम्ही लिहिलेलं नाही पण सलग सहा दिवस डाइव्ह करणाऱ्यांना हमखास होतं ते म्हणजे बाहेरच्या कानाचं इन्फेक्शन. सतत ओलं राहून कातडी भिजते, मळाचा थर निघून जातो आणि जंतू शिरतात. ओळख सोपी आहे. कानाची पाळी ओढली किंवा कानासमोरचा उंचवटा दाबला आणि कळ आली तर ते बाहेरचं. पाळी ओढून काही होत नाही पण आत भरल्यासारखं वाटतंय, ऐकू कमी येतंय, तर दाबाचं. रोज शेवटच्या डाइव्हनंतर गोड्या पाण्याने कान धुवा, डोकं तिरकं करून पाणी काढा, कोरडे करा. पांढरं व्हिनेगर आणि स्पिरिट समसमान मिसळून दोन-चार थेंब टाकणारे पुष्कळ आहेत, चालतं, पण पडदा शाबूत आहे हे माहीत असेल तरच. इअरबड कुणीही वापरू नका, कृपा करून.

आणि हे मात्र किरकोळ समजू नका: डाइव्हनंतर गरगरणं थांबत नाही, कानात मोठा आवाज येतोय, एकदम ऐकू कमी झालं. हे आतल्या कानाचं असू शकतं. नाक धरून फुंकू नका, त्याच दिवशी ईएनटी गाठा, हे उद्यावर टाकून काही जणांनी कायमचं ऐकणं घालवलेलं मी पाहिलंय. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, अंगावर चट्टे, विचित्र थकवा, हे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याचं लक्षण असू शकतं, तिथे पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन आणि डाइव्हिंगचं ज्ञान असलेला डॉक्टर.

तुमच्या मिस्टरांचं. गोळीने बीपी आटोक्यात असेल आणि जिना चढताना धाप लागत नसेल तर बहुतेकांना डाइव्ह करता येतं. पण मेडिकल फॉर्ममध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध चालू आहे का असा प्रश्न असतो, तिथे "हो" लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. ती पुण्यातूनच घेऊन जा. तिथे ऐनवेळी किनाऱ्यावर उभं राहून "नाही" वर टिक मारतात लोक.

आंबोलीचा_पाऊस

मला फक्त बोट लागण्याबद्दल लिहायचंय कारण पेनिडाला मी त्यापायी दोन्ही दिवस घालवले. मांता पॉइंटला लाटा खूप असतात, खाली मांता (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे) फिरत होते आणि मी वर बोटीच्या कडेला. गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यायची, आणि झोप आणणारी गोळी डाइव्हच्या आधी पहिल्यांदाच घ्यायची नाही, घरी एखाद्या रविवारी घेऊन बघा किती गुंगी येते. मला आलेपाक बरा पडतो. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका, पोळीचा रोल, केळं, काहीतरी. सप्टेंबरमध्ये पेनिडाचं पाणी बऱ्यापैकी गार असतं, ५ मिमीचा सूट मागून घ्या, मी ३ मध्ये कुडकुडत होते.

निवृत्त_विमावाला

ताई, तुमच्या यजमानांचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्लेम खात्यात.

पहिल्यांदा मेडिक्लेम. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारताच्या हद्दीतच चालतात. बालीत तिचा उपयोग नाही, तिथेच विषय संपला. आता हॅवलॉकचं बघू. मेडिक्लेम साधारणपणे २४ तास ऍडमिट झालात तर देतो, नुसतं डॉक्टरला दाखवून औषध आणलं तर ते ओपीडी, त्याचे पैसे बहुतेक पॉलिसीत नाहीत. म्हणजे सातशे रुपये तुमचेच जाणार होते.

आता एक गैरसमज, जो एजंट लोकांतही आहे. "स्कूबा केलंत तर मेडिक्लेम मिळत नाही." ऑक्टोबर २०२० पासून हेल्थ पॉलिसीतल्या वगळण्यांची भाषा आयआरडीएआयने (विमा नियामक) सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात नववं कलम साहसी खेळांचं आहे आणि त्यात स्कूबा डायव्हिंगचं नाव स्पष्ट आहे, पण वगळलंय ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला. हौसेने डाइव्ह करणारा माणूस मालवणात किंवा अंदमानात दुखावला आणि ऍडमिट झाला तर फक्त या कलमावर बोट ठेवून त्याला नाकारता येऊ नये. आपले चिवल्याचो मात्र त्या कलमात बसतात, त्यांनी कामाचा वेगळा विमा घेतलाय का ते जरूर बघावं, मला काळजी वाटली वाचून.

ट्रॅव्हल पॉलिसीला ही एकसारखी भाषा लागू नाही, प्रत्येक कंपनीचं वेगळं. म्हणून एजंटकडून ते एक पान नको, पूर्ण पॉलिसी वर्डिंग मागा, चाळीस-पन्नास पानी पीडीएफ असते, त्यात "स्कूबा" शोधा. तीन गोष्टी सापडतील किंवा सापडणार नाहीत: साहसी खेळ मुळातच वगळलेत की जास्तीचा हप्ता भरून घेता येतात, किती मीटरपर्यंत चालतं, आणि सर्टिफाइड असणं किंवा लायसन असलेल्या इन्स्ट्रक्टरबरोबर असणं ही अट आहे का. तुमचं ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटर खोलीपर्यंतचं. तुलांबेनचं ते बुडालेलं जहाज २५-३० मीटरपर्यंत उतरत जातं असं ऐकतो. गाइडने म्हटलं चला थोडं खाली, आणि तुम्ही गेलात, तर तुमच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर ते कायमचं लिहिलं जातं. माझ्यासमोर एका तरुणाचा क्लेम आला होता, पॉलिसीत मर्यादा ३० मीटर, कॉम्प्युटरवर ३४. दुखणं कानाचं होतं, झालं होतं पहिल्या पाच मीटरमध्ये, त्याचा त्या चार मीटरशी काही संबंध नव्हता. तरी फाइल नामंजूर झाली आणि ती सही माझ्या टेबलावरून गेली. अजून आठवतं.

आता तुमचा खरा प्रश्न, किरकोळ दुखण्याला विमा कशाला. बहुतेक ट्रॅव्हल पॉलिसीत पहिले ५० किंवा १०० डॉलर तुम्ही भरायचे असतात. बालीतल्या क्लिनिकमध्ये कान दाखवून थेंब आणले तर बिल त्याच्या आसपासच होईल, म्हणजे हातात शून्य. त्यामुळे कानाच्या थेंबांचे पैसे मिळतील म्हणून पॉलिसी घेऊ नका. घ्यायची ती यासाठी की किरकोळ दुखणं किरकोळ राहिलं नाही तर. डॉक्टर म्हणाले पाच दिवस विमानात बसू नका, तर तिकीट बदलायचे पैसे, वाढीव हॉटेल, सोबत थांबणाऱ्याचा खर्च, हे कानाच्या औषधाच्या वीसपट होतं. हे कलम पॉलिसीत आहे का ते बघा, सगळ्यांत नसतं. आणि बुडबुड्यांचा आजार झाला तर दाबाच्या चेंबरमध्ये घालतात, नेहमीचा एक उपचार पावणेपाच तासांचा असतो, कधी दोन-तीनदा करावा लागतो, आणि आधी तिथवर पोचवायला लागतं. तो आकडा मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही. हप्ता मात्र बऱ्याचदा एका फन डाइव्हच्या पैशापेक्षा कमी असतो.

बीपी लपवू नका. प्रपोजलमध्ये लिहा. जुन्या आजारासाठी कव्हर कदाचित फक्त जीवघेण्या प्रसंगापुरतं मिळेल, पण लपवलेलं सापडलं तर कानाच्या क्लेममध्येही तेच पुढे करतील.

कागद. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान लिहिलेलं हवं, नुसती औषधं नकोत. "डाइव्ह करू नये, अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास करू नये" हे तारखेसह लिहून, सही-शिक्का. प्रत्येक बिल. सेंटरचं पत्र. बोर्डिंग पास जपून ठेवा. आणि खर्च करायच्या आधी पॉलिसीवरच्या नंबरला फोन करा, क्लेम नंबर घ्या. नंतर कळवलं म्हणून अडवलेले क्लेम मी असंख्य पाहिले.

अन्यायाने नाकारलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात दाद नाही लागली तर विमा लोकपाल. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, नकारानंतर वर्षाच्या आत जायचं. लोक तिथवर जातच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

चिवल्याचो

काका, विचारलंत म्हणून बरं वाटलं. घेतलाय मी, दुसऱ्या सीझनला आमच्याबरोबरच्या एका पोराची पाठ बोटीवर टाकी पडून दुखावली तेव्हा अक्कल आली. ताई, डॅनचं पण बघा, डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, १९८० साली अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत सुरू झालं, ते खास डायव्हर्सचंच. मेंबरशिप वेगळी आणि विमा वेगळा, मेंबर झालात म्हणजे विमा आला असं नाही. पण त्यांची इमर्जन्सी लाइन मेंबर नसलेल्यांना पण उत्तर देते, नंबर मोबाइलमध्ये आणि लॉगबुकच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सिंगापूरकर

मूळची डोंबिवलीची, गेली नऊ वर्षं सिंगापूरला, बाली आम्हाला तुमच्या गोव्यासारखं त्यामुळे तुलांबेनला चारदा गेलेय. ताई, तुमचा प्रोग्राम वाचून पहिल्यांदा छातीत धस्स झालं ते बातूरमुळे. तीन दिवस डाइव्ह करून लगेच पहाटे १७१७ मीटर उंचीवर चढायचं म्हणजे शरीराच्या दृष्टीने विमानात बसल्यासारखंच आहे, वर हवेचा दाब कमी. डॅनचं सांगणं आहे की एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी निदान १२ तास आणि सलग किंवा अनेक दिवसांचे असतील तर निदान १८ तास. बातूरला निघायला रात्री दोनला उठवतात. आणि तुमची फ्लाइट पण बसत नाही, अडीच ते साडेसात म्हणजे १७ तासच होतात. ट्रेक सगळ्यात आधी करा, उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग डाइव्ह, आणि शेवटचा पूर्ण दिवस पाण्याशिवाय ठेवा, देवळं बघा, खरेदी करा. अजून एक, तुलांबेनहून दक्षिणेकडे येताना ड्रायव्हर हौसेने किंतामणीवरून नेतो, तो रस्ता दीड हजार मीटरच्या आसपास चढतो. डाइव्हच्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्याने चला म्हणून आधीच सांगा.

तुलांबेनचा किनारा वाळूचा नाही. गोल गोल काळे दगड, नारळाएवढे, लाटेबरोबर पायाखालून सरकतात, आणि पाठीवर टाकी. ते लिबर्टी जहाज किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे, १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारल्यावर किनाऱ्याला लावलेलं, १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला तेव्हा घसरून पाण्यात गेलं. म्हणून बोट नाही, चालतच आत शिरायचं. गावातल्या बाया डोक्यावर टाकी घेऊन त्याच दगडांवरून सपासप चालत जातात, ते बघून आपल्याला वाटतं सोपं आहे. दुसऱ्या ट्रिपला मी बाहेर येताना लाटेत पडले, घोटा मुरगळला. एक्सरेसाठी तासभर गाडीने जावं लागलं, फ्रॅक्चर नव्हतं, पण उरलेले पाच डाइव्ह गेले. विम्यातून एक्सरे आणि डॉक्टरचे पैसे वजावट जाऊन थोडे मिळाले. डाइव्हचे नाही मिळाले, कारण सेंटरने खोली, जेवण, डाइव्ह सगळं मिळून एकच आकडा बिलावर लिहिला होता. तेव्हापासून मी बुक करतानाच वेगवेगळं बिल मागते. जाड तळव्याचे बूट घ्या, पातळ मोजे नकोत, पाण्यातून बाहेर येताना फिन (पायातले वल्ह्यासारखे पंख) शेवटपर्यंत हातात धरून ठेवा आणि दोन लाटांमध्ये गाइडचा हात धरून चालत या, लाजायचं नाही.

आणि फोनचा उपयोग काय ते सांगते. मागच्या वर्षी नवऱ्याला संध्याकाळी डाव्या हाताला मुंग्या आल्या. तो म्हणत होता झोपतो, सकाळी बघू. मी हॉटलाइनला फोन केला. त्यांनी किती डाइव्ह, किती खोल, किती वेळ, कधीपासून मुंग्या, सगळं शांतपणे विचारलं, सेंटरकडून ऑक्सिजन सुरू करा म्हणाले आणि डेनपसारला जाऊन तपासा. तिथे सरकारी मोठ्या हॉस्पिटलमध्ये चेंबर आहे. अडीच-तीन तासांचा रस्ता, पूर्ण वेळ त्याच्या तोंडावर मास्क आणि मी मागच्या सीटवर त्याचा हात धरून. तपासून त्यांनी सांगितलं बुडबुड्यांचं नाही, मानेतली नस दाबली गेलीय, पण दोन दिवस विमानात बसू नका. ती चिठ्ठी दाखवून तिकीट बदललं आणि त्या बदलाचे पैसे सहा आठवड्यांनी विम्याने दिले. त्या रात्री मला पैशाचं काही सुचत नव्हतं. मध्यरात्री समोरून कुणीतरी जाणकार माणूस न घाबरता प्रश्न विचारत होता, त्याचा आधार किती वाटला ते शब्दांत सांगता येणार नाही.

स्कूटर घेणार असाल तर तो भाग पण पॉलिसीत वाचा. लायसन आणि हेल्मेट नसेल तर तो क्लेम विसरा.

तळ्यात_मळ्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला सगळा धागा वाचून दाखवला. विमावाले काकांचा तो ३४ मीटरवाला परिच्छेद ऐकून तो गप्प झाला आणि मग स्वतःच म्हणाला की आपण पॉलिसी वेगळी घेऊ, एजंटची नको. एजंटकडून पूर्ण वर्डिंग मागवलं होतं, त्यात साहसी खेळ सरळ वगळलेले आहेत. आता दुसरीकडून स्कूबासह घेतोय, ३० मीटरची मर्यादा आहे, आम्ही १८ च्या खाली जाणारच नाही, बीपी लिहिलंय. हप्ता वाढला थोडा, ठीक आहे.

बातूर दुसऱ्या दिवशी घेतलं, फ्लाइट एक दिवस पुढे ढकलली. शनिवारी ईएनटीची अपॉइंटमेंट आहे, नवऱ्याची सही फॅमिली डॉक्टर देणार आहेत, त्यांनी ईसीजी सांगितलाय आधी. सेंटरला डाइव्हच्या पैशाबद्दल लिहिलं, त्यांचं उत्तर आलं की डॉक्टरची चिठ्ठी असेल तर ८० टक्के परत. हे वाचून माझ्या पोटातला गोळा निम्मा कमी झाला, खरंच सांगते.

औषधांच्या पिशवीत ओआरएस, बोट लागण्याची गोळी (रविवारी घरी घेऊन बघणार), चिमटा, जखमेचं मलम, पट्ट्या, थर्मामीटर असं झालंय. धनुर्वाताचं इंजेक्शन तिघांचं जुनं झालंय ते पण घेऊ. कानाच्या थेंबांसाठी पांढरं व्हिनेगर इथून न्यावं की तिथे मिळेल? बॅगेत फुटलं तर सगळे कपडे जातील.

सिंगापूरकर

नेऊ नका, तिथे कुठल्याही छोट्या दुकानात मिळतं. बाटली दाखवून व्हिनेगर म्हटलं तर कळत नाही कधीकधी. त्यांचा शब्द "चुका", आपल्या आंबट चुक्यासारखाच, तसंच म्हणा, लगेच काढून देतात. फक्त बाटलीवर टक्के बघा, स्वयंपाकाचं ५ टक्क्यांचं घ्या, तिथे २५ टक्क्यांचं पण विकतात, ते कानात जाता कामा नये.